जपानी घरात राहताना: होमस्टेचे पहिले काही आठवडे

होमस्टेच्या, म्हणजे जपानी कुटुंबाच्या घरी राहून शिकण्याच्या, अर्जात खाण्यापिण्याच्या सवयींसाठी जेमतेम दोन ओळींची जागा असते. आपल्याकडची बहुतेक मुलं तिथे 'व्हेजिटेरियन' एवढा एकच शब्द लिहून मोकळी होतात. पुण्यात दोन-तीन वर्षं जपानी शिकून एन-4, एन-3 या जपानी भाषेच्या परीक्षा पास झालेली मुलंसुद्धा. पुढच्या महिन्याभरात त्या घरात जे काही बिनसतं, त्यातलं बरंचसं याच एका शब्दापासून सुरू होतं. 'बेजितारियन' म्हणजे भाज्या आवडीने खाणारा माणूस, अशी जपानमध्ये अनेकांची समजूत असते. मांस नको म्हणजे मासे चालत असतील, निदान माशाचा अर्क उतरलेलं पाणी तरी चालेलच, असं त्या घरातल्या काकूंना अगदी सहज वाटतं. त्या मनापासून मिसो सूप करतात, आपण ते मिटक्या मारत पितो आणि आठवड्याने कुणीतरी सांगतं की त्यात मासा आहे. आपल्याला फसवल्यासारखं वाटतं आणि काकू कानकोंड्या होतात. चूक दोघांचीही नसते, फक्त अर्जात लिहायचं ते लिहिलेलं नसतं.

जपानी घरात नियम सहसा तोंडाने सांगत नाहीत, करून दाखवतात, तेही एकदाच. आपलं चुकलं तर बहुधा कुणी बोलून दाखवत नाही. 'असं केलं तर चालेल का?' असं विचारलं की 'दाइजोबु' हे उत्तर येतं आणि त्याचा अर्थ 'चालेल' इथपासून 'नको, राहू दे' इथपर्यंत काहीही होऊ शकतो. म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: 'तुमच्याकडे हे कसं करतात?' आणि जे काही कळवायचं ते आधी कळवायचं. खाली जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक गोष्टीत या दोन्ही सवयी लागतात.

आधी त्या अर्जाचं. मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काय चालतं आणि काय नाही, ते वेगवेगळं लिहा. 'दाशी' चालतं का, हे स्वतंत्र वाक्यात लिहा. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुधा कात्सुओबुशीचं असतं. बोनिटो मासा धुरावर सुकवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्याने तासून त्याचे पातळ तपकिरी पापुद्रे काढतात. गरम पदार्थावर भुरभुरले की वाफेने हलतात तेच हे पापुद्रे. काही घरांत सुकवलेल्या बारीक माशांचं, म्हणजे निबोशीचं दाशी असतं. ते फक्त सूपमध्ये असतं असं नाही. भाज्या त्यात शिजवतात, तामागोयाकी नावाच्या गोडसर ऑम्लेटमध्ये ते घालतात, उदोन आणि सोबा या नूडल्सचा रस्सा त्याचाच असतो, तेम्पुरा म्हणजे जपानी भज्यांबरोबरचं पाणीही त्याचंच. तयार बाटल्यांपैकी साध्या सोया सॉसमध्ये मासा नसतो, पण मेनत्सुयू या नूडल्सच्या सॉसमध्ये आणि बऱ्याच पोन्झूमध्ये, म्हणजे लिंबाच्या जातीच्या फळांच्या आंबट सॉसमध्ये, असतो. बाजारच्या जपानी करीच्या वड्यांमध्ये बहुतेक वेळा गाईची किंवा डुकराची चरबी असते, म्हणून 'आज तुझ्यासाठी भाज्यांची करी केलीय' असं कौतुकाने सांगितलं तरी वडीचा डबा बघावा लागतो. दह्याच्या आणि पुडिंगच्या काही प्रकारांत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं.

दाशी चालणार नसेल तर पर्यायही तिथेच लिहा: कोम्बु या समुद्री वनस्पतीचं दाशी आणि वाळलेल्या शिइताके अळंब्यांचं दाशी. दोन्ही जपानी स्वयंपाकघरात जुनी आहेत, काकूंना नवीन काही शिकावं लागत नाही. तोंडी सांगायचं वाक्यही पाठ असू द्या: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन' (मांसही खात नाही, मासेही नाही; कात्सुओचं दाशीही चालत नाही) असं लांबलचक जमत नसेल, तर 'कात्सुओ नो दाशी मो दामे देसु' एवढं पुरतं. नुसतं काय खात नाही हे सांगून त्या घराला मदत होत नाही. काय खातो त्याची यादी द्या: तोफू, आबुराआगे म्हणजे तळलेल्या तोफूचे पातळ तुकडे, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, लाल भोपळा, रताळं, वांगी, पालक, अंडी खात असाल तर अंडी. मासे खाणाऱ्यांनी तसं ठळक लिहावं, कारण भारतीय मुलगा म्हणजे शाकाहारी, असं धरून काही घरं महिनाभर तोफूच वाढत राहतात. दाशीबाबत सौम्यपणे पण पहिल्याच दिवशी सांगणं बरं. महिनाभर चालवून घेऊन मग नको म्हटलं, तर आपण आजवर नाइलाजाने खात होतो, एवढंच त्यांच्या मनात राहतं.

घरात पाऊल टाकताना आपल्या सवयी बऱ्याच कामी येतात, कारण चपला बाहेर काढणं आपल्याला शिकवावं लागत नाही. फरक आहे तो उंबऱ्याच्या आसपास. दाराच्या आत खालच्या पातळीवर जी जागा असते ती गेनकान. ती बाहेरची जागा मानतात. बूट तिथे काढायचे आणि पाय थेट वरच्या पायरीवर ठेवायचा. मोज्यांनी किंवा अनवाणी गेनकानच्या फरशीवर उभं राहायचं नाही, कारण तेच पाय मग घरभर फिरतात. वर चढल्यावर वाकून बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. आत घरातल्या सपाता असतात, त्या तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीबाहेर काढायच्या. संडासात वेगळी सपाताजोडी असेल तर आत जाताना ती घालायची आणि येताना तिथेच सोडायची. ती घालून दिवाणखान्यात येणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. संडासातला कागद भांड्यातच टाकायचा असतो, डब्यात नाही. पाण्याच्या फवाऱ्याची बटणं असतात, ही आपली सोयच. त्यातलं 'तोमारु' म्हणजे थांबवायचं बटण कुठलं ते आधी दाखवून घ्या.

आता ओफुरो, म्हणजे अंघोळ. होमस्टेतली सगळ्यात जास्त गैरसमजाची जागा हीच, म्हणून जरा सविस्तर. जपानी न्हाणीघराचे दोन भाग असतात: अंग धुवायची मोकळी जागा आणि खोल टब. टबातलं पाणी सगळ्या घराचं असतं, एकानंतर एक सगळे त्याच पाण्यात बसतात. त्यामुळे टब हा अंघोळ करायची जागा नाही. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसायचं, शॉवरने किंवा तसराळ्याने अंग ओलं करायचं, साबण, शॅम्पू, सगळं तिथेच करायचं, फेस पूर्ण धुवून काढायचा आणि मग टबात उतरायचं. लांब केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाणी 40 ते 42 अंशांवर असतं. पहिल्यांदा चांगलंच चटका बसल्यासारखं वाटतं, पण म्हणून गार पाण्याचा नळ सोडू नका, तुमच्यामागे अजून तिघं असतात. पाच-दहा मिनिटं पुरतात. बाहेर आलात की टबावर झाकण, म्हणजे फुता, परत घालायचं. ते उघडं राहिलं की पाणी निवतं आणि पुढच्याला ओइदाकीचं बटण दाबून ते पुन्हा तापवावं लागतं, त्याचा गॅस जळतो. आणि बूच काढायचं नाही. साध्या टबात सुमारे 200 लिटर पाणी असतं, अनेक घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळीने वॉशिंग मशीनमध्ये घेतात. आपण स्वच्छतेपायी बूच ओढलं, की रात्रीची तिघांची अंघोळ आणि सकाळची धुणी दोन्ही गेली. जाताना जाळीवरचे केस उचलून कचऱ्यात टाकायचे.

पाहुण्याला पहिल्यांदा जायला सांगतात. पहिले काही दिवस जावं, नंतर क्रम विचारून घ्यावा. बाहेर आल्यावर 'ओसाकी नि' म्हणायचं, म्हणजे 'तुमच्या आधी आटपलं माझं'. सकाळी अंघोळ केल्याशिवाय चैन पडत नसेल तर शॉवर घेता येईल का, किती वाजता, ते विचारा. साडेपाचला पाण्याचा आणि हीटरचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

आपल्या लोकांनी लक्षात ठेवायची एक खास गोष्ट आहे तेलाची. डोक्याला खोबरेल लावून त्या टबात उतरलं, की पाण्यावर तवंग येतो आणि टबाच्या कडेला चिकट रेघ राहते. दिवाळीत अभ्यंग करायचं असेल तर त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जा, तेल दोनदा शॅम्पूने काढा आणि टबात न उतरता नुसता शॉवर घ्या. उटण्यातल्या हळदीचे डाग प्लॅस्टिकच्या फरशीवर बसतात, ते घासून निघत नाहीत, म्हणून लगेच भरपूर पाणी ओता. उशीच्या अभ्र्यालाही तेल लागतं. उशीवर स्वतःचा एक टॉवेल घालून झोपलात तर प्रश्नच मिटतो.

जेवणाची वेळ पाळण्यामागे साधं कारण आहे, ते म्हणजे भात. जपानी घरात तांदूळ 'गो' या मापाने मोजतात. 1 गो म्हणजे 180 मिलिलिटर, साधारण 150 ग्रॅम तांदूळ, त्यात दोन वाट्या भात होतो. चौघांच्या घरात संध्याकाळसाठी तीन गो धुवून, कुकरच्या आतल्या रेघेपर्यंत पाणी घालून, भिजवून, टायमर लावून ठेवतात. ते काम दुपारीच होऊन जातं. म्हणून सात वाजता 'आज मी बाहेर जेवतोय' असा मेसेज टाकणं म्हणजे न कळवण्यासारखंच आहे. आदल्या रात्री सांगितलं तर उत्तम, नाहीतर दुपारच्या आत. उशीर होणार असेल तर 'ओसोकु नारिमासु' आणि किती वाजता पोचाल ती वेळ, एवढं लाइनवर टाकायचं. लाइन हे तिथलं व्हॉट्सअॅप, पहिल्याच दिवशी घराशी जोडून घ्या. 'थोडा उशीर होईल' हे मात्र पुरत नाही, कारण तुम्ही येईपर्यंत कुणीतरी जागं राहतं, ओफुरोचं पाणी गरम ठेवतं.

ताटातही थोडं बदलावं लागतं. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे. वाटी उचलून हातात धरायची असते; ताटावर ओणवून खाणं तिथे बरं दिसत नाही. पांढरा भात तसाच खातात, त्यावर रस्सा ओतून कालवला तर काकू काही बोलणार नाहीत, पण भात आवडला नाही असं समजतील. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मृत माणसापुढे ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. काडीने काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी अशाच उचलतात. आपल्याकडे अशुभाशी जोडलेल्या कृती आपण एरवी जशा टाळतो, तसंच हे. उष्ट्याचा प्रश्न नाबेच्या दिवशी येतो. मध्ये भांडं उकळत असतं आणि सगळे आपापल्या काड्यांनी त्यातून घेतात. ते नको असेल तर 'तोरीबाशी आरिमासु का?' असं विचारून वाढायच्या वेगळ्या काड्या मागता येतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि काय चालतं तेही सांगा. साबुदाणा शोधत बसायची गरज नाही, रताळं कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं आणि थंडीत दाराशीच गरम भाजलेलं याकिइमो ठेवलेलं असतं. केळी, दूध, भाजलेलं रताळं एवढ्यावर चतुर्थी छान होते. न सांगता ताट परत केलं तर मात्र तुम्ही आजारी आहात असं वाटून काकू तांदळाची पेज करायला घेतील.

कधी ना कधी तुम्हाला 'भारतीय जेवण करून दाखव' असं म्हणतील. इथे शेगडी बघून बेत ठरवा. शेगडी इंडक्शनची असेल (तिथे तिला 'आय-एच' म्हणतात), तर घरून नेलेला अॅल्युमिनियमचा कुकर, तांब्याचं भांडं, गोल बुडाची कढई यांतलं काहीही चालत नाही. चुंबक चिकटतो ते सपाट बुडाचं भांडंच हवं. गॅस असेल तर वेगळी गंमत आहे. 2008 पासून जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या घरगुती गॅसच्या शेगड्यांना प्रत्येक बर्नरच्या मधोमध तापमान मोजणारं एक गोल बोंड असतं. भांड्याचं बूड फार तापलं की ते आच आपोआप बारीक करतं किंवा बंद करतं. तळणीच्या तेलाला आग लागू नये म्हणून ही सोय आहे, पण आपल्या पोळीचा तवा कोरडाच तापतो. दुसरी पोळी टाकेपर्यंत ज्योत बसते आणि पोळी कडक होते. अनेक शेगड्यांवर जास्त आचेसाठी वेगळं बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की ही मर्यादा थोडा वेळ वाढते. ते काकूंनाच दाबू द्या. फुलका थेट ज्योतीवर टाकायचा बेत मात्र सोडा. बोंडावर भांडं टेकलं नाही तर काही शेगड्यांत ज्योत मोठी होतच नाही. पापड तव्यावर किंवा तिथल्या छोट्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजा.

म्हणून पहिल्या वेळी पोळीच्या वाटेला न जाता बटाट्याची भाजी, वरण, भात, काकडीची कोशिंबीर करावी. चौघांना चार मध्यम बटाटे आणि एक वाटी डाळ भरपूर होते. तांदूळ त्यांचा चिकट, त्यावर वरण छान बसतं. मिरची फोडणीत अख्खी घाला आणि वाढायच्या आधी काढून टाका. लाल तिखट ताटाच्या बाजूला वेगळं ठेवा. फोडणी करण्याआधी वरचा पंखा सुरू करा, स्वयंपाकघराचं दार लावा आणि बाहेर वाळत घातलेले कपडे आत घ्या. हिंगाचा डबा दोन पिशव्यांत घट्ट बांधून स्वतःच्या खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला लागला तर तेव्हाच पुसा. सगळं झाल्यावर शेगडीचे शिंतोडे पुसून, भांडी घासून, निथळत ठेवून द्या. स्वयंपाक कसा झाला यापेक्षा ओटा कसा सोडला, हे त्या घरात जास्त लक्षात राहतं.

सामानात कडीपत्ता, आंबे, ताज्या मिरच्या, कुठलीही ताजी फळं-भाजी किंवा मांसाचा पदार्थ नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. पाकीटबंद सुके मसाले न्या. औषधांबाबत: डॉक्टरांनी लिहून दिलेली एक महिन्यापर्यंतची आणि साधी दोन महिन्यांपर्यंतची स्वतःपुरती नेता येतात, पण सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांच्या वर असेल तर ती जपानमध्ये चालत नाही. तिथली वीज 100 व्होल्टची आहे. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर 100-240 लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन चपट्या पिनांचं अडॅप्टर पुरतं. आपला मिक्सर, किटली, केसांचा ड्रायर मात्र निरुपयोगी. टोक्योकडे 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60 असतं. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे पुणेकरांच्या ओळखीचं झालेलं ओकायामा शहर या 60 वाल्या भागात येतं.

बाहेर पडताना 'इत्ते किमासु' म्हणायचं, घरातून 'इत्तेराश्शाई' असं उत्तर येतं. शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' आणि 'जाऊन ये'. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे शब्द एका दिवसात तोंडात बसतात. परत आल्यावर 'तादाइमा' आणि 'ओकाएरी'. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमासु', नंतर 'गोचिसोसामा'. हे शब्द गेनकानमध्ये ऐकू येतील इतक्या मोठ्याने म्हणा. माणूस घरात आला, बाहेर गेला हे त्यावरूनच कळतं. न बोलता थेट खोलीत जाणारा मुलगा रागावलाय असा अर्थ घेतात. घरच्यांना 'ओकासान' (आई), 'ओतोसान' (बाबा) म्हणायचं की आडनावाला 'सान' लावायचं, ते पहिल्या संध्याकाळी विचारून टाका.

घरी फोन कधी करायचा तेही ठरवून घ्या. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आईबाबा जेवून रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावतात तेव्हा तिथे साडेबारा झालेले असतात, आणि भिंती पातळ असतात. जपानमधली रात्रीची आठची वेळ, म्हणजे इथले साडेचार, किंवा रविवारी तिथले सकाळी अकरा, म्हणजे इथले साडेसात, हे दोघांनाही जमतं. इअरफोन लावला तरी आपला आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो.

फुतोनवर, म्हणजे जमिनीवर पसरायच्या गादीवर, झोपत असाल तर ती सकाळी घडी घालून ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात ठेवायची. तशीच पसरून ठेवली तर रात्रभराचा घाम खाली उतरतो आणि तातामीला बुरशी लागते. जून-जुलैच्या पावसात तर आठवड्यात. ऊन असेल त्या दिवशी ती कठड्यावर टाकायची असते, दुपारी तीनच्या आत उचलायची. थंडीत घर सगळीकडे सारखं गरम नसतं. माणसं बसतात तीच खोली तापवतात, जिना आणि संडास गारठलेले असतात. आपण खोलीत एसीची गरम हवा रात्रभर चालू ठेवली तर महिन्याच्या बिलात ते दिसतं, तेव्हा झोपताना बंद करून गरम पाण्याची पिशवी मागा. रॉकेलचा हीटर असेल तर तासाभराने खिडकी थोडी उघडायचीच, आणि खोलीतून निघताना तो बंद करायचाच. खोलीत उदबत्ती लावायची असेल तर विचारल्याशिवाय नको: एक तर तातामी म्हणजे वाळलेलं गवत, शिवाय तिथे तो वास घरच्या पितरांच्या देव्हाऱ्याशी जोडलेला असतो.

कपडे धुण्याचा दिवस आणि टोपली कुठली, ते विचारा. खिसे रिकामे करा. नवे सुती कुर्ते, ओढण्या, खास करून निळ्या आणि लाल रंगाच्या, घरी दोन-तीनदा धुवून मगच न्या. तिथे सगळ्यांचे कपडे बहुधा गार पाण्यात एकत्र धुतात आणि ओतोसानचे ऑफिसचे शर्ट पांढरे असतात.

कचऱ्याचं वेळापत्रक नगरपालिकेगणिक बदलतं, म्हणून फ्रिजवर लावलेला कागद हाच धर्मग्रंथ. साधारणपणे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत, ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी टाकलेल्या जाळीखाली ठेवायचा असतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, विसळून, चेपून वेगळी. दुधाचा कागदी डबा धुवून, कापून, पसरून, वाळवून. खोलीतल्या डब्यात सगळं एकत्र कोंबलं की ते उपसून वेगळं काकू करतात, तुम्हाला न सांगता. पिशवी चुकीची असेल तर ती तशीच स्टिकर लावून मागे ठेवतात आणि शेजारपाजारी नाव त्या घराचं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. विद्यार्थी व्हिसावर उतरलात की मोठ्या विमानतळांवर झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, तिथेच मिळतं. घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांत त्या भागाच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. तिथे एक प्रश्न येतो: यजमानांच्या कुटुंबात नाव घालायचं की स्वतःचं वेगळं कुटुंब म्हणून? नात्यातले नसलात तर स्वतःच 'सेताइनुशी', म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून नोंद करा. नाहीतर तुमच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याची बिलं ओतोसानच्या नावाने येतात. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला हा विमा घ्यावा लागतो आणि दवाखान्यात मग 30 टक्केच भरावे लागतात. वय 20 झालं असेल तर पेन्शनच्या वर्गणीत विद्यार्थ्यांसाठी सवलत असते, तिचा अर्ज त्याच फेरीत करा. पत्ता लिहिताना यजमानांचं आडनाव आणि पुढे 'सामाकाता' (म्हणजे 'यांच्या घरी') असं लिहून मग आपलं नाव लिहायचं. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव नसतं, त्यामुळे हा शब्द गाळला तर बँकेचं कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जाऊ शकतं.

भूकंपाची चौकशी पहिल्या आठवड्यातच करा: जवळचं निवाऱ्याचं ठिकाण कुठलं (बहुधा शाळा असते), बॅटरी आणि पाणी कुठे, घरचे वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर भेटायचं कुठे. फोनवर इशाऱ्याचा कर्कश आवाज आला की हातात काही सेकंदच असतात. टेबलाखाली जा, पळत बाहेर नको. उशाशी सपाता ठेवा, फुटलेल्या काचेवरून चालावं लागतं. जोराच्या धक्क्यानंतर, साधारण जपानी 'शिंदो' मापावर तीव्रता 5 ला, गॅसचं मीटर आपोआप बंद होतं. पाणी गरम येत नाही म्हणून घाबरू नका. रुग्णवाहिका आणि अग्निशमन 119, पोलीस 110.

घराचं आणि आपलं जमत नाहीये, हे शब्दांतून क्वचितच कळतं. भिंतीवर एखादी नवी चिठ्ठी चिकटते, 'ओफुरोचं झाकण घालावे' अशी. बोलणं अचानक जास्त औपचारिक होतं. 'सोरे वा चोत्तो...' ('ते जरा...') म्हणून वाक्य अर्धवट राहतं; तो पूर्ण नकार असतो. अशा वेळी स्पष्टीकरण न देता त्याच संध्याकाळी 'सुमिमासेन, शिरिमासेन देशिता', म्हणजे 'माफ करा, मला माहीत नव्हतं', असं म्हणून कसं करायचं ते दाखवायला सांगा. काही फुटलं-मोडलं तर ते लपवू नका. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच विम्यांत दुसऱ्याच्या वस्तूच्या नुकसानीची भरपाई असते, पण तारीख आणि फोटो लागतो. मांजराची अॅलर्जी, घरातली सिगारेट, न झेपणारा दीड तासाचा प्रवास अशी अडचण असेल तर घरच्यांशी वाद घालण्याऐवजी शाळेच्या समन्वयकाला पहिल्या दोन आठवड्यांतच सांगा. तो माणूस याचसाठी असतो आणि घर बदलता येतं. अंगचटीला येणारं, भीती वाटावी असं वागणं असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं.

निघायच्या आधी कार्यालयात पत्ता सोडल्याची नोंद करा आणि विमा बंद करा. जपानमध्येच दुसरीकडे जाणार असाल तर टपाल कचेरीत अर्ज दिला की वर्षभर पत्रं नव्या पत्त्यावर फुकट पोचवतात. फुतोनच्या खोळी काढून घडी घालून ठेवा, खोलीचा कचरा त्या भागातल्या वारांप्रमाणे आधीच बाहेर जाईल असा हिशेब धरा, कारण शेवटच्या दिवशी उरलेली बाटल्यांची पिशवी कुणीतरी आठवडाभर सांभाळतं. किल्ली हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्र टाका. जपानी कच्चं असलं तरी चालतं, त्यात एखाद्या पदार्थाचं नाव मात्र लिहा, जो तुम्हाला त्या घरी आवडला होता.